निर्वाणीच्या खलित्याआधीचे कागद

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. मागच्या मे महिन्यात, कूलर जोरात चालू असूनही अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या तेव्हा, शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने पेपरातली ओळ मोठ्याने वाचली, "भारताने तीव्र निषेध नोंदवला." आणि मग विचारलं, "मॅडम, नोंदवला म्हणजे कुठं जी? कोणत्या वहीत? अन् नोंदवून होते काय?"

वर्ग हसला. मी मात्र खडू खाली ठेवला, कारण एवढा नेमका प्रश्न पुस्तकातही सापडत नाही. त्या दिवशी तास संपत आला होता, म्हणून अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं इथे लिहिते आहे.

वही खरोखरच असते. दोन सरकारांमधल्या प्रत्येक अधिकृत कागदाला क्रमांक असतो, तारीख असते, मोहोर असते. एक प्रत जाते, एक आपल्याकडे राहते, आणि गेलेली प्रत समोरच्या देशाच्या दप्तरात बसते. मंत्री बदलतात, पक्ष बदलतात, कधी देशाचं नावही बदलतं. कागद तिथेच असतो. राहिला प्रश्न 'नोंदवून होते काय' याचा. नोंदवलं नाही तर काय होतं, ते आधी पाहू. म्हणजे उत्तर लवकर कळेल.

थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर एका कड्यावर प्रेह विहार नावाचं जुनं शिवमंदिर आहे. थायलंडला तेव्हा सयाम म्हणत, आणि कंबोडिया फ्रेंचांच्या अमलाखाली होता. १९०४ साली दोघांत तह झाला. या भागातली सीमा पाणलोटाच्या रेषेने जाईल, असं त्यात ठरलं. नकाशे काढायचं काम फ्रेंच अधिकाऱ्यांनी केलं, ते पॅरिसमध्ये छापले आणि १९०८ मध्ये सयामला पाठवले. नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखवलं होतं. पाणलोटाची रेषा खरोखर तशी जाते का, यावर वाद घालायला सयामला भरपूर जागा होती. पण सयामच्या राजपुत्राने नकाशांबद्दल आभार मानले आणि आपल्या प्रांतांच्या सुभेदारांना वाटायला आणखी पंधरा प्रती मागवल्या. पुढे १९३० मध्ये तोच राजपुत्र मंदिर पाहायला गेला. तिथे फ्रेंच रेसिडेंटने फ्रेंच झेंड्याखाली त्याचं स्वागत केलं. त्यावरही सयामकडून निषेधाची एक ओळ गेली नाही.

प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोचलं आणि १५ जून १९६२ रोजी निकाल लागला. नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाचं ठरलं. न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा असा होता की नकाशा चुकीचा वाटत होता तर तेव्हाच बोलायला हवं होतं. इतकी वर्षं गप्प बसलात, म्हणजे मान्य केलंत. आपल्याकडे भावकीच्या भांडणात म्हातारी माणसं हेच सांगतात की बांध सरकला त्या वर्षीच पंचांसमोर बोल, नातवाच्या वेळी बोलून उपयोग नाही. सरकारं निषेध नोंदवतात तो याचसाठी. समोरचा लगेच सुधारेल अशी अपेक्षा क्वचितच असते. आपलं मौन उद्या संमती म्हणून वाचलं जाऊ नये, याची ती तजवीज असते.

आता तो कागद दिसतो कसा ते सांगते. इथे आपल्या मराठी माणसाला एक सोय आहे. आपल्या आजी-आजोबांची पत्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटकन कळेल.

आजोबा पत्र लिहीत तेव्हा वर मायना असे. तीर्थरूप, राजमान्य राजश्री, चिरंजीव, ज्याची जी पायरी तसा. मग 'सा. न. वि. वि.', साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मग मजकूर. शेवटी 'कळावे, लोभ असावा'. वाटणीवरून दोन भाऊ वर्षभर एकमेकांचं तोंड पाहत नसले तरी पत्रातला नमस्कार सुटत नसे. नमस्कार गाळला की समजायचं, आता प्रकरण हाताबाहेर गेलं.

सरकारी नोटचं व्याकरण हेच आहे. रोजच्या व्यवहारात सर्वाधिक वापरला जाणारा कागद म्हणजे 'नोट व्हर्बाल'. फ्रेंचमध्ये नावाचा अर्थ 'तोंडी नोंद', पण ती असते पूर्ण लेखी. तोंडी झालेल्या बोलण्याची नोंद म्हणून ती सुरू झाली आणि नाव तसंच राहिलं. ती तृतीय पुरुषात लिहितात. 'मी' नाही, 'आम्ही' नाही. सुरुवातीला, अमुक देशाचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयाला आदरपूर्वक अभिवादन करतो आणि पुढील गोष्ट कळवण्याचा त्याला सन्मान आहे. मग मजकूर. शेवटी, या संधीचा लाभ घेऊन दूतावास मंत्रालयाप्रती आपल्या सर्वोच्च आदराची पुन्हा ग्वाही देतो. खाली पूर्ण सही नसते. अधिकाऱ्याची आद्याक्षरं आणि दूतावासाची मोहोर, बस. मधला मजकूर 'तुमच्या सैनिकांनी आमच्या हद्दीत घुसखोरी केली' असा असला तरी वरचा नमस्कार आणि खालची ग्वाही जागच्या जागी राहते.

मुलांना हे दांभिक वाटतं. मला ते शहाणपणाचं वाटतं, आणि का ते सांगते. ठरलेला साचा असला की लिहिणाऱ्याचा राग शब्दांत शिरत नाही. तृतीय पुरुष असला की एका माणसाने दुसऱ्या माणसाचा अपमान केला, असं होत नाही. एक कार्यालय दुसऱ्या कार्यालयाशी बोलतं. आणि नमस्काराची जागा कायम असल्यामुळे तो गाळणं, ही स्वतंत्र भाषा होते. ज्या घरात रोजच आरडाओरडा असतो, तिथे आवाज चढवून काही सांगता येत नाही.

राजदूताला स्वतःचं वजन घालायचं असेल तर तो प्रथम पुरुषात, पूर्ण सहीनिशी पत्र लिहितो. 'महोदय' म्हणून सुरुवात, थेट परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे. मजकूर तोच असला तरी कागदाची जात बदलली की अर्थ बदलतो.

हे सगळं युरोपातून आलेलं आहे असं मुलं धरून चालतात. ते अर्धं खरं आहे. 'डिप्लोमसी' हा शब्दच मुळात कागदाचा आहे; 'डिप्लोमा' म्हणजे ग्रीकमध्ये दुहेरी घडी घातलेला दस्तऐवज. पण आपला शब्द पाहा. खलिता म्हणजे मुळात थैली. राजाचं पत्र किनखापाच्या थैलीत घालून, मोहोर लावून पाठवत, आणि थैलीचं नावच पत्राला लागलं. आजही दूतावासांची टपाल-थैली असतेच. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या २७ व्या कलमानुसार ती उघडता येत नाही आणि अडवूनही ठेवता येत नाही. त्याच कराराच्या २४ व्या कलमाने दूतावासाचं दप्तर कुठेही असलं तरी त्याला हात लावायला बंदी आहे. मायना, चिटणीस, मोर्तब, लेखनसीमा, हे सगळे शब्द आपल्याकडे राजकारभारातून घरात आले. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का असे. मर्यादा म्हणजे इथे मजकूर संपला, याच्यापुढे कोणी दोन ओळी घुसडल्या तर त्या आमच्या नव्हेत. आजच्या नोटवरची मोहोर याच कामाची आहे.

आणि नागपूर तर या कागदांच्या वाटेवरचं गाव. भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जकडे होते. तेव्हाचा वकील कोर्टातला नव्हे, तर दुसऱ्या दरबारी आपल्या राजाच्या वतीने बसणारा, बोलणारा आणि रोज लिहून कळवणारा. डिसेंबर १८०३ मध्ये भोसले आणि इंग्रज यांच्यात देवगावचा तह झाला. एकमेकांच्या दरबारी अधिकृत वकील ठेवायचे, असं त्यात कलम होतं. त्यानंतर लगेच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला वकील, म्हणून इथे आला, त्याच्यानंतर रिचर्ड जेनकिन्स. सदरमधून जाताना रेसिडेन्सी रोडची पाटी आपण रोज पाहतो. ती पाटी त्या काळातली उरलेली खूण आहे. गोष्ट पुढे कुठे गेली ते थोड्या वेळाने सांगते.

आधी पायऱ्या. वर्तमानपत्राच्या मराठीत एक भारदस्त शब्द आहे, 'निर्वाणीचा खलिता'. अमुक तारखेपर्यंत हे करा, नाहीतर परिणामाला तयार राहा. पण निर्वाणीपर्यंत पोचण्याआधी किती पायऱ्या असतात, याची कल्पना बाहेर कोणाला नसते. खरी कला तिथे आहे.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे 'नॉन-पेपर'. साधा कागद. वर देशाचं नाव नाही, तारीख नाही, सही नाही. त्यात एखादी कल्पना मांडलेली असते, की असं केलं तर जमेल का? समोरच्याने नकार दिला तर असा कागद आम्ही दिलाच नव्हता, असं दोघांनाही म्हणता येतं. लग्न जुळवताना मध्यस्थाकरवी 'सहज' विचारतात तसं. त्याच्या वर 'एद-मेम्वार', म्हणजे स्मरणटिपण. राजदूत भेटायला जातो, तोंडी बोलतो आणि निघताना टिपण टेबलावर ठेवतो, म्हणजे ऐकणाऱ्याने वरिष्ठांना सांगताना शब्द बदलू नयेत. त्याच्या वर नोट. सरकारच्या सांगण्यावरून राजदूताने जाऊन आपली बाजू अधिकृतपणे मांडणं याला 'देमार्श' म्हणतात. 'डिमार्शे' असं बातम्यांत छापून येतं ते हेच.

राजदूताला 'पाचारण केलं' अशी बातमी आली की मी मुलांना तीन गोष्टी पाहायला सांगते. कोणी बोलावलं, कोणाला बोलावलं, आणि किती वाजता. सहसचिवाने उपउच्चायुक्ताला दुपारी बोलावणं वेगळं आणि परराष्ट्र सचिवाने थेट राजदूताला बोलावणं वेगळं. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, दिल्लीतल्या पाकिस्तानच्या सर्वोच्च दूताला मध्यरात्री बोलावून त्यांच्या लष्करी सल्लागारांना देश सोडायला सांगणारी नोट हातात दिली गेली. मजकूर सकाळीही देता आला असता. वेळ हाच मजकुराचा भाग होता.

त्याच आठवड्यातलं दुसरं पत्र मला शिकवायला जास्त उपयोगी पडतं. २४ एप्रिल २०२५ रोजी भारताच्या जलसंपदा सचिवांनी पाकिस्तानातल्या आपल्या समपदस्थांना लिहिलं की १९६० चा सिंधू जलकरार भारत तात्काळ स्थगित ठेवत आहे. बातम्यांतून ते पत्र आकाशातून पडल्यासारखं वाटलं. पण पत्राची सुरुवातच आधीच्या नोटिसांच्या संदर्भाने होते. जानेवारी २०२३ मध्ये भारताने करारात बदल हवा म्हणून नोटीस दिली होती, ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा दिली होती. म्हणजे वहीत पानं भरलेली होती. या निर्णयाच्या बऱ्यावाईटावर दोन मतं असू शकतात. पण मुलांनी हे पाहावं की गंभीर पाऊल उचलणारं सरकार मागच्या कागदांवर उभं राहून बोलतं.

खालच्या पायरीवर थांबल्याची किंमतही असते. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याचं पक्कं झाल्यावर, १८ ऑक्टोबर १९५८ रोजी भारताने चिनी राजदूताला दिलेली पहिली हरकत 'अनौपचारिक नोट' या स्वरूपात होती. मैत्री टिकावी हा हेतू होता, आणि तेव्हा तो अवाजवी नव्हता. पुढच्या वर्षी दोन्ही पंतप्रधानांची लांबलचक पत्रं गेली-आली. चाउ एन-लाय यांचं ८ सप्टेंबर १९५९ चं, नेहरूंचं २६ सप्टेंबरचं. त्याच महिन्यात भारत सरकारने तोवरचा पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने संसदेपुढे ठेवला. संसदेला अंधारात ठेवू नये, ही भूमिका लोकशाहीत योग्यच. पण छापलेलं पत्र परत घेता येत नाही. कागद चार भिंतींच्या आत असतो तोवर दोन पावलं मागे येण्याची वाट असते; सगळ्या देशाने तो वाचला की मागे येणं म्हणजे शरणागती ठरते. त्या श्वेतपत्रिका वाचताना मला दर वेळी वाटतं, या नोटांमध्ये सौजन्य शेवटपर्यंत आहे, मोकळी जागा मात्र पानागणिक कमी होत जाते.

राजदूत नेमताना जे पत्र लागतं त्याबद्दल थोडंच सांगते, कारण राष्ट्रपती भवनातले फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्याला परिचयपत्र म्हणतात, पण युरोपीय नावाच्या मुळाशी 'विश्वास ठेवणे' हे क्रियापद आहे. मराठीतला 'पत' हा शब्द इथे चपखल बसतो. एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्याला लिहिलेलं असतं की हा माणूस आमच्या वतीने जे बोलेल त्यावर पूर्ण विश्वास ठेवा. सोबत आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचं पत्रही देतात, म्हणजे एका वेळी दोन तोंडं नकोत. माणूस पसंत आहे का, हे गुपचूप आधीच विचारलेलं असतं. नकार आला तर कारण देण्याचं बंधन नाही.

आता ज्या कागदावर मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे तो. पत्रांची देवाणघेवाण.

दोन देशांत बंधन निर्माण व्हायला मोठा तह, सोनेरी पेनं आणि फोटोच हवेत असं नाही. एक सरकार दुसऱ्याला लिहितं, 'आपल्या बोलण्यात अमुक ठरलं असं आम्ही समजतो. आपल्या सरकारलाही हे मान्य असल्यास कळवावे.' दुसरं सरकार तोच मजकूर उतरवून उत्तर देतं, 'मान्य आहे.' झाला करार.

भारत आणि श्रीलंका यांनी जून १९७४ मध्ये पाल्कच्या सामुद्रधुनीतली सीमा ठरवली. कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेलं ते त्यात. त्या करारात भारतीय मच्छीमारांना आणि यात्रेकरूंना पूर्वीप्रमाणे कच्चतीवूला जाता येईल असं कलम होतं, आणि परस्परांच्या पाण्यात नौकांना चालत आलेले हक्क राहतील असंही. मग २३ मार्च १९७६ रोजी पुढच्या समुद्राची सीमा ठरवणारा दुसरा करार झाला. त्याच दिवशी दोन्ही देशांच्या परराष्ट्र सचिवांनी एकमेकांना पत्रं लिहिली. एका देशाच्या मच्छीमारांनी दुसऱ्याच्या पाण्यात, तिथल्या सरकारच्या परवानगीशिवाय मासेमारी करायची नाही, असं त्या पत्रांत ठरलं. ते वाक्य कराराच्या कलमांत नव्हतं, पत्रांत होतं. रामेश्वरमच्या कोळ्यांची अटक, जप्त झालेल्या बोटी, तमिळनाडूचं राजकारण, सगळं आजही त्या दोन पत्रांपाशी येऊन अडतं. माझं मत विचाराल तर, ज्यांच्या ताटातला घास त्या वाक्याने ठरणार होता, त्या माणसांना ते लिहिताना कोणी विचारायला हवं होतं. सचिवांच्या पत्रात एवढी ताकद असते हे नागरिकांना माहीत असणं, हा त्यावरचा पहिला उपाय आहे.

यापेक्षाही साधा कागद बांधून टाकतो. आखाती देशांतल्या कतार आणि बहरीन यांचा बेटांवरून वाद होता. डिसेंबर १९९० मध्ये दोहा इथल्या बैठकीत चर्चेचं इतिवृत्त तयार झालं आणि परराष्ट्रमंत्र्यांनी त्यावर सह्या केल्या. इतिवृत्त म्हणजे आपल्या सोसायटीच्या सभेचं असतं तसंच. कतार ते घेऊन आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. बहरीनचे मंत्री म्हणाले, मी करार करत होतो असं माझ्या मनातही नव्हतं. १ जुलै १९९४ रोजी न्यायालयाने सांगितलं की मनात काय होतं हे आम्ही बघत नाही. कागदावर दोन्ही बाजूंनी जबाबदाऱ्या स्वीकारल्या आहेत, तेव्हा हा आंतरराष्ट्रीय करारच आहे. शीर्षकात 'करार' लिहिलं की 'इतिवृत्त', याने फरक पडला नाही.

म्हणूनच या दुनियेत माणसं एकेका शब्दावर रात्र काढतात. चिंता वाटते, तीव्र चिंता वाटते, खेद होतो, निषेध करतो, 'योग्य ती पावलं उचलण्याचा अधिकार राखून ठेवतो', ही चढण ठरलेली आहे. शब्द गाळून काय करता येतं याचं उदाहरण १८७० मधलं. प्रशियाच्या राजाची आणि फ्रेंच राजदूताची एम्स गावी भेट झाली, आणि भेटीचा अहवाल तारेने प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याकडे आला. त्याने खोटं एक अक्षर घातलं नाही. मधला मजकूर छाटून तार वृत्तपत्रांना दिली. छाटल्यावर असं दिसू लागलं की राजाने राजदूताला झिडकारून लावलं. १३ जुलैची ती तार, आणि १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं.

उलटं उदाहरण क्यूबाचं. ऑक्टोबर १९६२. सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्यूबात, अमेरिकेच्या नौदलाचा वेढा. २६ तारखेला ख्रुश्चेव्ह यांचं लांब पत्र आलं, मनापासून लिहिलेलं, थोडं विस्कळीत. क्यूबावर हल्ला करणार नाही असं वचन द्या, मग आमची शस्त्रं तिथे राहायचं कारण उरणार नाही, असा त्याचा रोख. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं पत्र, यावेळी रेडिओवरून जाहीर, आणि मागणी वाढलेली. तुर्कस्तानातली तुमची क्षेपणास्त्रं हलवा. कोणाला उत्तर द्यायचं? केनेडींनी पहिल्या पत्राला उत्तर लिहिलं आणि त्यातला प्रस्ताव मान्य केला. तुर्कस्तानचं आश्वासन त्यांच्या भावाने सोव्हिएत राजदूताला त्याच संध्याकाळी तोंडी दिलं, कागदावर येऊ न देता. २८ तारखेला क्षेपणास्त्रं काढून घेत असल्याचं मॉस्कोने जाहीर केलं. काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, दोन्हींवर त्या दिवशी जग तरलं.

त्या दिवसांत मॉस्कोहून निघालेलं पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोचायला जवळपास बारा तास लागले होते. म्हणून जून १९६३ मध्ये दोन्ही राजधान्यांत थेट दुवा जोडायचं ठरलं. सिनेमात लाल टेलिफोन दाखवतात, पण तो दुवा टेलिप्रिंटरचा होता, मुद्दाम लेखी. संकटात माणूस दुसऱ्याच्या आवाजातून नको ते ऐकतो. छापलेली ओळ दोनदा वाचता येते, आपल्या माणसांना दाखवता येते.

आता नागपूर. मे १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. अशा तहांत एक कलम असे, इंग्रजांना आधी विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही दरबाराशी वाटाघाटी करायच्या नाहीत. फौजेचा खर्च डोळ्यांत भरतो. हे कलम भरत नाही. पण परराष्ट्रांशी पत्र लिहिण्याचा हक्क ज्या दिवशी जातो, त्या दिवशी राज्य जायला सुरुवात होते. आप्पासाहेबांचं पुण्याला बाजीरावाशी संधान चालू आहे असा संशय जेनकिन्सला होताच. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेबांनी पेशव्याकडून आलेली मानाची वस्त्रं आणि सेनापतीचा किताब भर दरबारात स्वीकारला. पेशव्याची तेव्हा इंग्रजांशी लढाई सुरू झालेली होती. दरबाराचं आमंत्रण जेनकिन्सलाही होतं; तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी रेसिडेन्सी आणि शहर यांच्यातलं दळणवळण बंद झालं, आणि २६ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर तोफा सुरू झाल्या. वस्त्रं, किताब, आमंत्रण, गैरहजेरी, बंद झालेली ये-जा. शेवटची पायरी येण्याआधी सगळ्या पायऱ्या दिसत होत्या.

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजक्या दिवशी लोकांना खुला असतो. मी मुलांना एकदा तिथे घेऊन गेले होते, आणि लढाईच्याऐवजी नंतरची गोष्ट सांगितली. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले वारले. वारस नाही म्हणून डलहौसीने पुढच्या वर्षी राज्य खालसा केलं. राजवाड्यातल्या राण्यांनी कलकत्त्याला लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं. मायना होता, शिक्का होता, शब्द जुन्या दरबारी वळणाचे होते. पण ज्याच्याकडे कागद जात होता त्याच्या लेखी हे आता राज्यच नव्हतं. महालातून निघालेला खलिता कलकत्त्यात पोचेपर्यंत अर्ज झाला होता. पन्नास वर्षांपूर्वी याच घराण्याशी 'एकमेकांच्या दरबारी वकील ठेवू' असं लिहून दिलेलं होतं. टेकडीवर ऊन होतं, कोणी काही बोललं नाही. 'आदरपूर्वक अभिवादन' या शब्दांत खरा ऐवज काय असतो, हे मुलांना मला त्यानंतर वर्गात समजावून सांगावं लागलं नाही. तू माझ्या बरोबरीचा आहेस, एवढं त्या तीन अक्षरी 'आदर'मध्ये असतं, आणि ते मिळवायला आपल्याला १९४७ उजाडावं लागलं.

शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला मी नंतर दोन याद्यांबद्दल सांगितलं. भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. करार ३१ डिसेंबर १९८८ चा, पहिली देवाणघेवाण १ जानेवारी १९९२ ची. दिल्लीत आणि इस्लामाबादमध्ये एकाच दिवशी. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, हे त्यामागचं वचन. संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही सैन्यं सीमेवर उभी होती, त्या १ जानेवारी २००२ लाही यादी गेली आणि आली.

दुसरी यादी माणसांची. मे २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश आपल्या तुरुंगात असलेल्या दुसऱ्या देशाच्या कैद्यांची नावं देतात, आणि त्यात मच्छीमार बरेच असतात. समुद्रात सीमेची रेषा दिसत नाही. गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेले आपले पालघरचे खलाशीही असे पकडले गेले आहेत. यादीत नाव आलं म्हणजे माणूस जिवंत आहे आणि कुठे आहे, हे घरच्यांना कळतं. मग आपल्या उच्चायुक्तालयाचा अधिकारी त्याला भेटतो. त्याने सांगितलेलं गाव, बापाचं नाव, बोटीचं नाव दिल्लीला येतं, तिथून राज्याकडे, तिथून जिल्ह्याच्या पोलिसांकडे. एक हवालदार कोळीवाड्यात जाऊन दार वाजवतो आणि आईला विचारतो, हा तुमचाच मुलगा का?

ती हो म्हणते. ते उत्तर आलं त्याच वाटेने वर जातं, आणि शेवटी एका नोटमध्ये बसून पाकिस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे रवाना होतं. ती नोटही आदरपूर्वक अभिवादनानेच सुरू होते.